हातगाडी पाच मिनिटांत उचलतात, मग दुकानाची पुढे आलेली शेड का नाही?

गंगाकाठचा

सिंहस्थ जवळ आलं की आपल्या नाशिक शहराला शिस्त आठवते. 2015 ला आठवली होती, आता 2027 साठी पुन्हा आठवायला लागली आहे. रस्ते मोकळे करा, फूटपाथ मोकळे करा. करा ना, नको कोण म्हणतंय? पण मोकळं करायची सुरुवात दर वेळी भाजीच्या पाटीपासूनच का होते, हे मला कोणीतरी समजावून सांगा.

आमच्या भागातलं लिहितो. भाग कोणता ते सांगत नाही, कारण भाजीवाल्या मावशींना उद्या तिथेच बसायचंय. रस्त्याच्या एका बाजूला त्या, शेजारी केळीची गाडी, पुढे इस्त्रीवाला. समोर ओळीने दुकानं. पहिल्याने पायरी पुढे आणून तिच्यावर लोखंडी जिना चढवलाय. दुसऱ्याने फ्रंट मार्जिनमध्ये, म्हणजे इमारतीपुढे मोकळ्या सोडायच्या जागेत, पत्र्याची शेड टाकून फ्रीज आणि खुर्च्या मांडल्यात. तिसऱ्याचं बेसमेंट नकाशात पार्किंग आहे आणि प्रत्यक्षात क्लास चालतो, म्हणून पोरांच्या गाड्या फूटपाथवर. एवढं सगळं असून तक्रार काय, तर 'भाजीवाल्यांमुळे ट्रॅफिक जाम होतं'.

परवा महापालिकेची अतिक्रमण उचलणारी गाडी आली. आधी वजनकाटा उचलला, मग कॅरेट. मावशींनी कोथिंबिरीच्या जुड्या पदरात ओढून घेतल्या तेवढ्या वाचल्या. मेथी टेम्पोच्या फाळक्यावरून खाली सांडली आणि मागची रिक्षा तिच्यावरून गेली. पावती नाही, यादी नाही. पाच मिनिटांत सगळं आटोपलं. समोरच्या शेडखाली चौघं उसाचा रस पीत बघत होते. त्यांच्या खुर्च्यांना कोणी हात लावला नाही.

आता कायदा बघा. पथविक्रेता अधिनियम, 2014. त्याच वर्षी 1 मे पासून लागू आहे. फेरीवाल्यांचं सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रं वाटून होईपर्यंत कोणालाही उठवायचं नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. नंतर उठवायचं झालं तर 30 दिवसांची नोटीस. माल जप्त केला तर सहीची यादी द्यायची. नाशवंत माल मागणी केली त्याच दिवशी परत, बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत, जी काय फी असेल ती भरून. सर्वेक्षण दर पाच वर्षांतून किमान एकदा.

ही कलमं पाळली जाताना कोणी पाहिलीत का? मी तरी नाही.

पायी_चालणारी

मी त्याच मावशींसारख्या बायकांकडून भाजी घेते, त्यामुळे कळवळा मलाही आहे. पण तुमच्या पोस्टमध्ये एक माणूस कुठेच नाही. फूटपाथवरून चालणारा.

माझे वडील काठी घेऊन चालतात. आमच्या रस्त्यावर फूटपाथ आहे, चांगला पेव्हर ब्लॉकचा. त्यावर आधी विजेची डीपी, मग हातगाडी, मग दुकानाचा बोर्ड, मग बुलेट. बाबा शेवटी रस्त्यावर उतरतात आणि मागून सिटीलिंकची बस येते. त्यांना काय फरक पडतो हो, वाट अडवणारा गरीब आहे की श्रीमंत?

इंडियन रोड काँग्रेसच्या नियमावलीत फूटपाथवर चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. आमच्याकडे टेप लावली तर जेमतेम तीन फूट भरेल, तीही सकाळी सातच्या आधी. आणि सर्वोच्च न्यायालयाने 14 मे 2025 ला सांगितलंय की अडथळा नसलेला, अपंगांनाही वापरता येईल असा फूटपाथ हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. कायदे काढायचे तर सगळे काढू.

मेनरोडवाला

आता दुकानदारांना झोडायचा धागा निघालाच आहे तर आमचीही बाजू घ्या.

घरपट्टी व्यावसायिक दराने भरतो. लाइट बिल व्यावसायिक. जीएसटी, शॉप अ‍ॅक्ट, दोन पोरांचे पगार. दिवाळीच्या आठ दिवसांत वर्षाचं गणित बसतं आणि नेमके तेव्हाच दुकानाच्या तोंडावर पणत्या, रांगोळ्या, आकाशकंदील. गिऱ्हाईक आत शिरणार कुठून? काही बोललं की 'गरिबाच्या पोटावर पाय देता'. माझ्या पोटाचं काय?

आणि सगळेच फेरीवाले मावशी नसतात. एकेका माणसाच्या पाच-पाच गाड्या आहेत, वर पोरं ठेवलीत रोजावर. त्यांना तुमचा 2014 चा कायदा लावायचा का?

सातपूरचा_पोऱ्या

मेनरोडवाले काका, शेवटचा मुद्दा बरोबर आहे आणि त्याचं उत्तर त्याच कायद्यात आहे. प्रमाणपत्र मिळवताना लिहून द्यावं लागतं की धंदा मी स्वतः किंवा घरचा माणूस करेल, दुसरं उपजीविकेचं साधन नाही आणि जागा कोणाला भाड्याने देणार नाही. म्हणजे सर्वेक्षण नीट झालं तर पाच गाड्यावाला आपोआप बाहेर पडतो. सर्वेक्षण नकोय ते कोणाला, याचा जरा विचार करा.

माझी आई गेली कित्येक वर्षं भाजी विकते. मी एमआयडीसीत आहे, पण माझं आयटीआय तिच्या पाटीवर झालं. तिचा दिवस सांगतो. पहाटे बाजार समितीत. उधारीवर माल उचलला तर संध्याकाळी व्याजासकट पैसे. रिक्षाचं भाडं तिघींत वाटून. जागेवर आल्यावर ज्या दुकानासमोर बसते त्या दुकानदाराला बल्बचे रोजचे पैसे, मीटरपेक्षा कैकपट. (हे भाडंच आहे, बल्ब हे फक्त नाव.) वर बाजार फीची पावती. मग कधीतरी गाडी. एकदा माल गेला की तो दिवस गेला असं नसतं, उधारी उभी राहते. पुढचे तीन-चार दिवस त्या एका दिवसासाठी बसावं लागतं.

आणखी एक गंमत. कोरोनानंतर पीएम स्वनिधी या केंद्राच्या फेरीवाल्यांसाठीच्या योजनेतून तिला दहा हजारांचं कर्ज मिळालं. त्यासाठी ती फेरीवाली आहे असं शिफारसपत्र लागलं, ते मिळालंही. कर्ज फेडलं, दुसरं घेतलं. म्हणजे बँकेत ती फेरीवाली, टेम्पो आला की अतिक्रमण.

चिवडा_मिसळ

बल्बच्या मुद्द्याला +1. आमच्या ओळीत एक सद्गृहस्थ फेरीवाल्यांविरुद्ध निवेदन घेऊन फिरत होते, सह्यांसाठी. त्यांच्याच ओट्यावर पाणीपुरीवाला उभा असतो. निवेदनात 'आमच्या ओट्यावरचा सोडून' असं लिहिलं असतं तर मी सही केली असती.

निवृत्त_बाबू

मी एका महापालिकेत नोकरी केली, कुठली ते जाऊ द्या. 'हातगाडी उचलतात, शेड का नाही' याचं उत्तर भ्रष्टाचार एवढंच असतं असं लोकांना वाटतं. तो आहेच. पण त्याच्या आधी कायद्याची घडण बघा.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात 231 वं कलम आहे. रस्त्यावर ठेवलेली, मांडलेली, विकायला आणलेली वस्तू आयुक्त नोटीस न देता हटवू शकतात. चाकावरचं सगळं यात बसतं. उलट बांधकाम म्हटलं की 260 व्या कलमाची नोटीस. त्यावर खुलासा मागवायचा, सुनावणी घ्यायची, आदेश काढायचा. आदेश निघाला की तो माणूस वकील गाठतो आणि न्यायालयातून स्थगिती आणतो. स्थगिती उठवायला पॅनेलवरचा वकील उभा करावा लागतो, तारखा पडतात, तोवर अधिकारी बदलतो. मधल्या काळात शेडचा पत्रा जाऊन स्लॅब येतो.

आता वरून फोन आला की 'आठवड्याभरात कारवाई दाखवा', तर कनिष्ठ अभियंता कुठे जाईल? जिथे फाइल करावी लागत नाही तिथे. संध्याकाळी फोटो जातो, टेम्पोत भरलेल्या गाड्यांचा. सुनावणीचा फोटो काढता येत नाही.

आणि हो, 231 दाखवून 2014 च्या कायद्यातून सुटता येत नाही. दोन्हींत विसंगती असेल तर 2014 चा कायदा वरचढ, असं त्याच्या 33 व्या कलमात आहे. हे खात्यात माहीत नसतं असं नाही. विचारणारा कोणी नसतो.

गंगाकाठचा

बाबूसाहेब, हेच हवं होतं. म्हणजे पाया खणला की संरक्षण, चाकं लावली की जप्ती.

रविवार_कारंजा

धाग्यात हेल्मेटचं पण घ्या. गरिबाला दंड आणि एसयूव्हीच्या काळ्या काचांना सलाम. 15 ऑगस्ट 2021 आठवतंय ना, 'नो हेल्मेट, नो पेट्रोल'? पंपावर एकच हेल्मेट रांगेतल्या दहा डोक्यांवरून फिरायचं. उवांची काय चैन झाली असेल.

पायी_चालणारी

हेल्मेटसाठी वेगळा धागा काढा हो. तो घालणाऱ्याच्या भल्याचा नियम आहे, इथे दुसऱ्याची वाट अडवण्याबद्दल चाललंय.

संपादक मंडळ

वरचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. 'बाहेरून आलेले' आणि विशिष्ट धर्माच्या विक्रेत्यांबद्दल जे लिहिलं होतं त्याचा विषयाशी संबंध नाही. विषयावर राहा.

पंचवटीकर

मी पंचवटीतला, त्यामुळे सिंहस्थावर बोलायचा हक्क आहे असं समजतो.

रस्ते मोकळे करणं म्हणजे नुसती रंगरंगोटी, असा सूर दिसतोय. 27 ऑगस्ट 2003. सिंहस्थात सरदार चौकातली चेंगराचेंगरी. 39 माणसं गेली. ज्यांनी तो चौक बघितला नाही त्यांनी एकदा काळाराम मंदिराकडून रामकुंडाकडे चालत जा, उतार आणि रुंदी दोन्ही बघा. त्यानंतर चौकशीला रमणी आयोग बसला आणि 2015 ला साधूंच्या मिरवणुकीचा मार्गच बदलावा लागला. त्या गल्लीत एक जरी गाडी आडवी असती तर काय, हे आम्ही मनात धरून जगतो. त्यामुळे भावनेत वाहून 'कोणालाच उठवू नका' म्हणू नका.

पण, आणि हा मोठा पण आहे, त्या अरुंद वाटा अरुंद झाल्या कशाने? हातगाड्या संध्याकाळी घरी जातात. पुढे आलेले ओटे, वाढवलेल्या पायऱ्या, लॉजच्या पाट्या रात्रीही तिथेच असतात. गर्दीच्या दिवशी हातगाडीवाल्याला पोलीस सकाळी सांगतात, तो येत नाही. पायरीला काय सांगणार?

कॉलेजरोडची_मनू

मला एक कळत नाही. मंडई बांधून दिली तरी हे लोक तिथे बसत नाहीत. गणेशवाडीची मंडई बघा, बांधून झाल्यावर कित्येक वर्षं ओस. बाजार भरायचा तो बाहेर, गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी. आपल्याच कराचा पैसा ना? मग सहानुभूती किती दाखवायची?

सातपूरचा_पोऱ्या

ताई, संध्याकाळी सहाला ऑफिसातून घरी जाताना तुम्ही भाजी कशी घेता? गाडीवरूनच ना? स्कूटर बंद न करता 'दादा, अर्धा किलो टोमॅटो द्या'. मंडईत गाडी लावायची, आत जायचं, पिशव्या घेऊन बाहेर यायचं, त्याला रविवार लागतो. आईला आतला गाळा मिळाला तरी गिऱ्हाईक बाहेरच्या पाटीपाशीच थांबणार. मग एक जण बाहेर येतो आणि दुसऱ्या दिवशी सगळे. आत थांबलेल्याची मेथी पिवळी पडते.

मंडई कुठे बांधायची हे ठरवताना विकणाऱ्याला विचारायची सोय त्याच कायद्यात आहे. शहर पथविक्रेता समितीत निदान 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले हवेत, त्यात एक तृतीयांश बायका. अध्यक्ष आयुक्त. आईला या समितीचं नाव मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, 'तिथे बसायचे किती घेतात?'

कॉलेजरोडची_मनू

हो, स्कूटरवरूनच घेते. मुद्दा घेतला. पण मग सगळ्या शहरालाच रस्त्यावर बसवायचं का? याला मर्यादा काही?

निवृत्त_बाबू

मर्यादा आहे, मनूताई. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घ्यायचे असं सूत्र आहे. 2011 च्या जनगणनेत नाशिक शहर 14 लाख 86 हजार, म्हणजे सुमारे 37 हजार. तेवढे बसवलेच पाहिजेत असं नाही, जागेची क्षमता बघूनच. त्याहून जास्त भरले तर चिठ्ठ्या टाकायच्या, बाकीच्यांना शेजारच्या झोनमध्ये. ना-फेरीवाला क्षेत्रही ठरवता येतं. मुंबईतल्या फेरीवाल्यांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2017 मध्ये रेल्वे स्टेशनपासून 150 मीटर आणि शाळा, दवाखाने, धार्मिक स्थळांपासून 100 मीटरपर्यंत बंदी घातली.

पंचवटीकर

पंचवटीत देवळापासून शंभर मीटर लांब असलेली जागा दाखवणाऱ्याला माझ्याकडून पेढे.

मेनरोडवाला

बाबू, तुम्ही सगळी कलमं सांगितली, एक सांगा. मार्च 2022 ला महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक झाली ती थेट जानेवारी 2026 ला. जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते. आमच्या गल्लीत कोणाला विचारायचं? आधी निदान वॉर्डातल्या माणसाच्या दारात जाऊन भांडता यायचं. फेरीवाल्यालाही आणि मलाही.

निवृत्त_बाबू

ते खरं आहे. अर्थात नगरसेवक असतानाही तो भांडण सोडवायचा कसा, तर 'आजच्या दिवस राहू द्या' म्हणून. त्याला दोन्हीकडची मतं हवी असतात. आता आलेत पुन्हा, त्यांना धरा. पण तोंडी नको, कागदावर धरा.

गंगाकाठचा

कागदाचं मनावर घेतो. माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. मसुदा:

शहरातील पथविक्रेत्यांचं शेवटचं सर्वेक्षण कधी पूर्ण झालं, त्यात किती नोंदी झाल्या, किती प्रमाणपत्रं दिली? शहर पथविक्रेता समितीच्या मागील दोन वर्षांतील बैठकांची इतिवृत्तं. याच काळात जप्त केलेल्या मालाच्या सहीच्या याद्या आणि परत दिल्याच्या नोंदी. फ्रंट मार्जिनमधील शेडना दिलेल्या नोटिसा व त्यावरील कारवाई.

काही सुचवायचं तर आजच सुचवा.

निवृत्त_बाबू

शेवटची ओळ काढा, तिचा वेगळा अर्ज करा. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्द. दोन विषय दिसले की त्याच कारणावर परत पाठवतात आणि तुमचा महिना जातो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा, किंवा ऑनलाइन भरा. 'का केलं नाही' असं विचारू नका, कारण विचारता येत नाही. कागद मागा. जप्तीच्या याद्या मागितल्यात ते उत्तम. याद्याच नसतील तर 'माहिती उपलब्ध नाही' असं लेखी येईल, आणि तेच तुम्हाला पुढे उपयोगी पडेल.

सातपूरचा_पोऱ्या

तक्रार निवारण समितीचंही विचारा. 20 व्या कलमाप्रमाणे माजी न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली ती हवी. आईचा काटा गेला तो कुठे मागायचा, हे त्या समितीवरून कळेल. नवीन काटा आम्ही घेतलाय, पण जुना मागणारच.

पायी_चालणारी

मार्जिनचा अर्ज मी करते, माझ्या नावाने. त्यात फूटपाथची मूळ मंजूर रुंदी आणि आजची रुंदी मागते. बाबांना घेऊन जाऊन आधी फोटो काढते. गाड्या, बोर्ड, डीपी सगळं येईल, भाजीच्या पाट्याही येतील. पोऱ्या, राग मानू नकोस.

सातपूरचा_पोऱ्या

नाही मानत. फक्त फोटोत पाटी आणि तिच्या मागची शेड दोन्ही एकत्र येऊ द्या.

मेनरोडवाला

मार्जिनचा अर्ज टाकणारच असाल ताई, तर सुरुवात आमच्या ओळीपासून नको. आधी त्या हॉटेलांचं बघा, ज्यांनी पार्किंगमध्ये टेबलं लावलीत. आमची पायरी फक्त दीड फूट आहे, ती पण वडिलांच्या वेळची.

निवृत्त_बाबू

अर्ज रस्त्याच्या नावाने जातो, मालकाच्या नाही. दोन्ही बाजू येणार.